गुलाबी कागदातले खडे

इतवारीतले हे सराफ जीवदयेवर बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांनी घरी विलायती फेरेट पाळलाय. मुंगसासारखा, निव्वळ मांसाहारी. पण घरात अंडंही चालत नाही, म्हणून त्याला तुपातला शिरा! त्याच्या पित्ताशयात खडे झाले. डॉक्टरांनी ऑपरेशन करून मांस द्यायला बजावलं. सराफांनी खडे तेवढे दागिन्यासारखे गुलाबी कागदात बांधले. येईल त्याला दाखवतात, "पाह्य गा, असली माल!"

काल फेरेटचे कान पुन्हा कावीळ झाल्यासारखे पिवळे दिसले.

"काका, मरून राहिला तो!" मी म्हटलं. "मांस द्या त्याले, नाहीतर मले देऊन टाका."

"आमच्या घरचा आहे. आमचंच खा लागन त्याले."

त्यांनी शिऱ्याची वाटी पुढे केली. फेरेटनं तोंड फिरवलं.

"आज एकादशी ना," सराफ कौतुकानं म्हणाले, "उपास धरला त्यानं."