मला कुणी नाजूक म्हटलं नाही

लीड्समध्ये आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू कौन्सिलच्या एका हॉलमध्ये व्हायचं. जानेवारीतली दुपार, बाहेर तीन वाजताच अंधारून आलेलं, आणि हीटर चालू असूनही बायका साडीवर कार्डिगन घालून बसलेल्या. माझ्या वयाच्या मुली परकर-पोलकं घालून तिळगुळाच्या वाट्या फिरवायच्या. एकीच्या हातात गुलाबदाणी असायची. ती मला फार हवी असायची. पण मी हॉलमध्ये शिरले की कुणीतरी काकू म्हणायच्या, "बरं झालं आलीस ग! ती टेबलं जरा भिंतीकडे सरकव ना. तुझ्या अंगात ताकद आहे."

मी टेबलं सरकवायची, खुर्च्या मांडायची. तेव्हा मी प्रायमरी शाळेत होते.

माझी आई सांगलीची, इथे नर्स म्हणून आलेली. वडील लीड्सचेच, बस चालवायचे. त्यांचे आईवडील कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरून आले होते. मी चार वर्षांची असताना वडील आजारपणात गेले. मी दिसायला पूर्ण त्यांच्यावर गेले आहे. रंग त्यांचा, केस त्यांचे, उंचीही त्यांची. भाषा मात्र आईची. घरात मराठीशिवाय दुसरं काही बोलायचं नाही हा तिचा नियम होता.

आमच्या मराठी मंडळातल्या बायका मला सावळी म्हणायच्या. माझं मन राखण्यासाठीच म्हणत असतील. काळी हा शब्द मात्र मी मराठीत फक्त नाक मुरडून म्हटलेलाच ऐकला. इंग्रजीत मी स्वतःला ब्लॅक म्हणते आणि ताठ मानेनं म्हणते. मराठीत तेच म्हणताना अजून जीभ अडखळते.

माझे केस आई कात्रीनं अगदी बारीक कापायची. शाळेतल्या फोटोंमध्ये मी मुलगा वाटते. एका वर्षी एका काकूंनी सगळ्या मुलींसाठी इंडियाहून कापडी गजरे आणले होते. वाटत वाटत त्या माझ्यापर्यंत आल्या, माझ्या डोक्याकडे पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला कुठे लावणार ग राणी? तुला एक लाडू जास्त देते हं."

लाडू मी खाल्ला. चांगला होता.

मी वाढत गेले तशी ही ताकद माझ्या नावाला चिकटली. शाळेत गोळाफेकीला माझं नाव न विचारता घातलं जायचं. नाटकात मी कधी झाड होते, कधी पहारेकरी. घर बदलणाऱ्या मैत्रिणी मला पहिला फोन करायच्या. मुलांना माझ्याशी बोलायला आवडायचं, ती मला आपल्या प्रेमाच्या गोष्टी सांगायची, आणि त्या गोष्टींतली मुलगी नेहमी दुसरीच असायची. मी हसून ऐकायची. हे सगळं आपल्यासाठी नाही, असं मी कधी ठरवून टाकलं ते मला आठवत नाही.

आता मी लंडनजवळ ब्रॅकनेलमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बघते. माझी टीम आहे, फ्लॅट आहे, गाडी आहे. ऑफिसमध्ये कुठलाही अवघड क्लायंट आला की तो माझ्याकडे येतो, कारण "तू घेशील सांभाळून". मात्र मीटिंगमध्ये मी एखादी चूक दाखवली की मॅनेजर नंतर बाजूला घेऊन सांगतो, "थोडं सॉफ्टली घे." माझ्या शेजारी बसणारी बारीकशी मुलगी तीच चूक माझ्यापेक्षा चढ्या आवाजात दाखवते. तिला कुणी काही सांगत नाही. मागच्या वर्षी मला फ्लू झाला, आठवडाभर मी अंथरुणात होते. ऑफिसमधून मेसेज आले ते सगळे पासवर्ड विचारणारे.

त्यानंतर मी जवळच्या रेडिंग गावी जायला लागले. तिथे लायब्ररीच्या वरच्या खोलीत शनिवारी सकाळी ब्लॅक बायकांचा एक गट जमतो. आत्मविश्वास, बोलणं-चालणं, स्वतःची काळजी, असं काहीसं पोस्टरवर लिहिलं होतं. मला वाटलं होतं, उंच टाचांचे बूट घालून चालायला शिकवतील आणि मी पहिल्या दिवशीच पळून येईन. गट चालवणाऱ्या बाई निवृत्त नाट्यशिक्षिका होत्या, घानाहून लहानपणी इथे आलेल्या, पिवळाधमक स्कार्फ डोक्याला बांधलेल्या. (आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. इथे मी ते माझ्या भाषेत सांगते आहे.)

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज कुणीही उठायचं नाही. चहा तुमच्यापर्यंत येईल."

एवढंच. पण मला ते जमेना. त्या किटलीकडे वळल्या तशी मी अर्धी उठले. त्यांनी कप हातात घेतले, मी पुन्हा उठले. शेजारच्या बाईनं माझं मनगट धरलं आणि हसत म्हणाली, "बस ग. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं." चहा माझ्यापर्यंत आला. बशीत एक शॉर्टब्रेड बिस्किट होतं. मी कप दोन्ही हातांत धरला आणि मला एकदम रडू कोसळलं. एकीनं टिश्यूचा डबा पुढे केला, बस्स.

तिथे मी बरंच शिकले. कौतुक झालं की ते झटकून टाकायचं नाही. आपल्याला आवडतो तो रंग घालायचा. नाही म्हणताना माफी मागायची नाही. मी पहिल्यांदाच मोतिया रंगाचा रेशमी ब्लाउज घेतला आणि तो घालून ऑफिसला गेले. मॅनेजरनं पुन्हा "सॉफ्टली" म्हटलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे नेमकं कसं? एक उदाहरण दे." त्यानं विषय बदलला.

आणि मग एका शनिवारी बाईंनी प्रश्न विचारला, "तू सुंदर आहेस, असं तुम्हाला सगळ्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

एकेक जण बोलायला लागली. बहुतेकींच्या उत्तरात रविवार होता. आजीच्या नाहीतर मावशीच्या गुडघ्यांमध्ये जमिनीवर बसायचं, ती केस विंचरणार, भांग पाडणार, घट्ट वेण्या घालणार. मान हलवली तर टपली बसायची. शेवटी हनुवटी धरून ती म्हणायची, बघू दे, किती छान दिसतेय माझी पोर. सांगता सांगता एकीचा हात आपोआप मानेवर गेला.

माझी पाळी आली. मी म्हणाले, "माझ्या आईचं माझ्यावर खूप प्रेम आहे."

"ते मी विचारलं नाही," बाई हळूच म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी तशीच गाडी काढून लीड्सला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून निवडायला लागले.

"आई, लहानपणी मी दिसायला कशी होते?"

"गोड होतीस."

"खरं सांग."

तिचे हात थांबले. "तुझे केस मला जमत नव्हते," ती म्हणाली. "सकाळी सातची शिफ्ट. तुला सांभाळणाऱ्या बाईकडे, चाइल्डमाइंडरकडे सोडायचं. मी कंगवा लावला की तू किंचाळायचीस. माझ्या केसांचा तो कंगवा, त्याचे दात तुटायचे. एक दिवस मी कात्री घेतली. तू रडत होतीस आणि मीही."

"आणि मग?"

"मग तुझ्या आजीनं पाहिलं. तुझ्या बाबांच्या आईनं. ती खूप बोलली मला. पोरीला भादरलीस म्हणाली. नंतर शांत झाली आणि म्हणाली, दर रविवारी आणून सोड, मी बघते केसांचं. तुला शिकवतेही."

मला हे कधीच माहीत नव्हतं. आजी माझ्यासाठी ख्रिसमसच्या कार्डापुरती होती. ती गेली तेव्हा मी युनिव्हर्सिटीत होते. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी परत आले होते.

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं." आईनं मेथीची काडी पुन्हा हातात घेतली. "तुझा बाबा गेला होता ग. माझ्याकडे तूच होतीस. मला वाटलं, रविवार रविवार करत तू पण तिकडची होशील. मग मी रविवारी तुला मराठी शिकवायला घेतलं."

मी कोट घालून बाहेर पडले. रागावले होते, पण तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं. पार्कमध्ये चालत राहिले. ज्या रविवारी मी आजीच्या पायांशी असायला हवी होते, त्या रविवारी मी सांगलीहून आलेल्या अंकलिपीत जोडाक्षरं गिरवत होते. आज हे लिहिते आहे ती मराठी त्याच रविवारांची आहे. ती मला परत करायची नाही. पण ते दुसरे रविवारही मला हवे आहेत. आजीच्या घरात कसला वास यायचा मला माहीत नाही. ती तेल कोणतं लावायची, वेण्या घालताना काय बोलायची, भांडी कोणत्या कपाटात ठेवायची, काही काही माहीत नाही. ज्या घरात आपण कधी वाढलोच नाही त्या घरासाठी इतका जीव तुटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, अजून त्याच घरात राहते. लीड्समध्येच, आईच्या घरापासून दोन बस बदलल्या की. मी तिला फोन केला. "केस करून देशील का?" एवढंच विचारलं. इतकी वर्षं न भेटलेल्या बाईला विचारायची ही गोष्ट नव्हे. ती म्हणाली, "धुऊन ये. ओले नकोत, पण धुतलेले हवेत."

मी कॉलेजपासून केस वाढवले होते, पण सदा मागे आवळून बांधलेले. मी गेले तेव्हा दारात आत्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे तर माझ्या आईचे खांदे," ती म्हणाली. "ती सगळे ड्रेस मुद्दाम रुंद गळ्याचे शिवून घ्यायची, हे खांदे दिसावेत म्हणून. नाचायला उभी राहिली की अख्खा हॉल बघायचा." मी जन्मभर जे खांदे सैल स्वेटरांखाली झाकत आले, ते कुणीतरी मिरवले होते.

तिनं सोफ्यासमोर उशी टाकली. मी खाली बसले, माझे लांब पाय टीव्हीपर्यंत गेले. आत्या लांब टोकदार दांडीच्या कंगव्यानं भांग पाडायला लागली. तिच्या बोटांना संधिवात आहे. दोन वेण्या घालून ती थांबायची, बोटं चोळायची, पुन्हा सुरू करायची. "मान खाली," ती म्हणायची. मी मान खाली घालायची. मला उशीर होणार म्हणून मी आईला फोन केला आणि कुठे आहे ते सांगितलं. आई म्हणाली, "मी येऊ का तिकडे? तिला विचार."

मी आत्याला विचारलं. "ये म्हणावं. केटल चालू आहे."

आई आली तेव्हा निम्मं डोकं झालं होतं. तिच्या हातात मेथीच्या पराठ्यांचा डबा होता. दोघी नणंद-भावजय इतक्या वर्षांनी समोरासमोर उभ्या होत्या. आत्यानं डबा घेतला, उघडून वास घेतला, आणि म्हणाली, "बस. कोट काढ." आई कोट न काढताच सोफ्याच्या टोकाला बसली. थोड्या वेळानं आत्याची बोटं अगदीच अडली, तेव्हा तिनं क्रीमची डबी आईच्या हातात दिली. "मी वेणी घालते. तू भांगातून हे लाव. बोटाच्या टोकानं, हलक्या हातानं. ओढायचं नाही."

आईचं बोट माझ्या भांगातून फिरलं. आधी घाबरत, मग जरा सावकाश.

"आजी वेण्या घालताना काय बोलायची?" मी आत्याला विचारलं.

"बोलायची नाही फारशी. गुणगुणायची. सतत एकच गाणं." आत्या थबकली. "काय बरं होतं ते? एवढी वर्षं कानांवर पडलं आणि आता चाल आठवत नाही."

मग माझ्या डोक्यावरून, अगदी जवळून, आईनं हळूच गुणगुणायला सुरुवात केली. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती याच घरात राहिली होती, हे मी विसरूनच गेले होते. तिचा आवाज बेसूर आहे. दोन ओळींची चाल तिनं धरली, तिसरीला अडखळली, पुन्हा पहिल्यापासून आली आणि तिथेच अडली. आत्याची बोटं माझ्या केसांत थांबली होती. "हो, हेच," ती म्हणाली. "पुढे काय होतं?"

"पुढचं मला येत नाही," आई म्हणाली.

मला वर वळून दोघींचे चेहरे बघायचे होते. पण अर्धी वेणी आत्याच्या हातात होती. मी मान खाली घालून वाट बघत बसले, दोघींपैकी कुणाला तरी पुढचं आठवेल म्हणून.