दहाव्या रविवारचं स्तोत्र

क्रायन मेलिस हा काही चर्चचा पाळक नव्हता. तो शिडं शिवायचा. आमच्या वेस्तरहाफमधल्या निम्म्या कोळंबी-होड्यांची शिडं त्याच्या सुईखालून गेलेली. पण आमच्या शेवटच्या पाळकाला शहरातल्या मंडळीचं बोलावणं आलं, तसा तो बिऱ्हाड आवरून गेला. आणि खाडीच्या तोंडावरच्या या दरिद्री गावात दुसरा कोण मरायला येणार? बारा वर्षं झाली त्याला. मग मंडळीचा कारभार बघणारे जे निवडलेले 'वडील', त्यांच्यापैकी जो वाचताना अडखळत नाही आणि ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, त्याच्या, म्हणजे क्रायनच्या, गळ्यात ती धोंड पडली. रविवारी सकाळी जुन्या पुस्तकातलं एक प्रवचन वाचायचं, दुपारी धर्माच्या प्रश्नोत्तरीतली शिकवण. देवळात वाद्य नाही, म्हणून स्तोत्राचा पहिला सूरही त्यानंच धरायचा.

प्रश्नोत्तरीचे भाग बावन्न, वर्षाच्या रविवारांना एकेक. शिकवण ठरलेली, तिच्यात कुणाचं काही चालत नाही. पण तिच्याबरोबर बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांतलं कुठलं गायचं, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि क्रायनचा सगळा जीव त्यात. शुक्रवारी शीड मांडीवर घेऊन बसला की सुई चालायची आणि ओठही चालायचे. "हे नको, ह्यात नुसताच जल्लोष. हे? छे, हे लढाईचं." असं करत करत त्यानं एक वहीच केली होती, बावन्न ओळींची. एकदा 'चोरी करू नको' या आज्ञेचा रविवार आला. पहिल्या बाकावर कोळंबीचा व्यापारी बसायचा, त्याचं माप कसं आहे ते सगळ्या गावाला ठाऊक. क्रायननं पंधरावं स्तोत्र लावलं, देवाच्या डोंगरावर राहायची लायकी कुणाची ते सांगणारं, आणि तेही अथपासून इतिपर्यंत. व्यापाऱ्याला खोकल्याची अशी उबळ आली, की बायकोनं त्याच्या तोंडात दोन पेपरमिंट कोंबली.

"मी कुठं काय केलं?" बाहेर आल्यावर क्रायन म्हणाला. "शिकवणीला जे शोभतं ते लावलं."

असा हा माणूस. शिकवणीवर त्याचा भरवसा होता, आणि म्हणूनच त्याच्या हातून ती चूक झाली.

नोव्हेंबरात त्याचा एकुलता एक मुलगा योस होडीसकट गेला. होडीची एक फळी मिळाली, योस मिळाला नाही. आठव्या दिवशी योसच्या घरात माणसं जमलेली, सून टनेके काळ्या कपड्यांत चुलीजवळ बसलेली, आणि सगळे क्रायनच्या तोंडाकडे बघताहेत. वाचणारा वडील ना तो! त्यानं उभं राहून दहाव्या रविवारचं उत्तर म्हटलं. काहीही आपोआप घडत नाही, पाऊस असो की दुष्काळ, आजार असो की आरोग्य, सगळं पित्याच्या हातूनच येतं, हे ते उत्तर. एक शब्द चुकला नाही. बिचारा स्वतःच गटांगळ्या खात होता, हाताला लागलं ते धरलं त्यानं. पण टनेकेला काय दिसलं? पोटचा पोर गेला तरी सासरा पाठांतर म्हणतोय.

"झालं तुमचं?" तिनं विचारलं आणि ती उठून आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. दोन घरांमध्ये एक भिंत. रोज दुपारी सूपचं भांडं ती त्याच्या खिडकीत ठेवायची, झाकण लावून. अन्न तोडलं नाही, शब्द तोडला. देवळातही यायची, बायकांच्या बाजूला बसायची, पण गाताना ओठ मिटलेले. क्रायन अधूनमधून म्हणून बघायचा, "टनेके, आज वारा पडलाय गं." की ही आत, दार बंद. त्याची बायको कधीच गेलेली. या पोरीखेरीज त्याला जगात कुणी नव्हतं, आणि ईस्टर झाला की ती माहेरी जाणार, कायमची, असं पाण्याच्या पंपावर बायका बोलत होत्या. म्हातारा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. रात्रभर कूस बदलायचा मात्र.

मार्च उजाडला आणि दहावा रविवार आला. वहीत त्याच्यासमोर तेहतिसावं स्तोत्र, त्याच्याच हातचं. देव समुद्राचं पाणी गोळा करून कोठारात साठवतो, ते. बारा वर्षं दर मार्चमध्ये त्यानं ते खणखणीत म्हटलेलं. शुक्रवारी सुई हातात धरून तो त्या ओळीकडे बघत बसला. हे टनेकेसमोर गायचं? त्यापेक्षा तिची पेटी स्वतःच बांधून दिलेली काय वाईट!

भिंतीपलीकडे टनेके कोळंबी सोलत होती, आणि सोलताना खालच्या आवाजात काहीतरी म्हणत होती. महिनोन् महिने म्हणत होती. तो समजायचा, मनाला विरंगुळा म्हणून गुणगुणतेय झालं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा नीट कान दिला. दीडशेच्या दीडशे चाली येणारा माणूस, पण ही ओळखायला त्याला तीन ओळी लागल्या. अठ्ठ्याऐंशी! त्याच्या वहीत कुठेच नसलेलं. त्यातला माणूस दिवसरात्र देवाला हाका मारतो, तुझ्या लाटा माझ्यावरून गेल्या म्हणतो, आणि शेवटी उजेड नाही, सुटका नाही, अंधारातच संपतं. कुठल्याच शिकवणीला ते बसेना, म्हणून क्रायननं ते सोडून दिलं होतं. आणि आपण समजत होतो, पोरीनं गाणं टाकलं! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शनिवारी त्यानं वाउटरला सांगितलं. वाउटर बेकरीवाला, मंडळीचा दुसरा वडील, मनानं चांगला पण तोंडानं फटकळ.

"अठ्ठ्याऐंशी? क्रायन, डोकं ठिकाणावर आहे ना? शिकवण म्हणते पिता सांभाळतो, आणि आपण गायचं अंधार, अंधार? घोडा एकीकडे आणि गाडी दुसरीकडे!"

"शिकवण जशीच्या तशी वाचीन. अक्षर गाळणार नाही."

"मग लोकांनी समजायचं काय?"

"ज्यांची माणसं घरी परत येतात त्यांना तेहतिसावं आहे की. ज्यांची येत नाहीत त्यांनी कुठलं म्हणायचं, वाउटर?"

"सुनेसाठी लावतोयस तू."

"हो, लावतोय. आणि माझ्यासाठीही. मला ते तेहतिसावं म्हणवत नाही रे आता."

वाउटरनं टोपी काढली, उलटीसुलटी केली, परत घातली. त्याचाही भाऊ समुद्रातच गेलेला. "चाल तरी येते का कुणाला?" त्यानं विचारलं.

"बघू," क्रायन म्हणाला.

रविवारी दुपारी त्यानं शिकवण वाचली. 'पित्याच्या हातून' इथं अडखळला, पण वाचली. मग स्तोत्राचा आकडा सांगितला. देवळात पानं सळसळली, बायका एकमेकींकडे बघू लागल्या. क्रायननं सूर धरला, आणि घाबरलेला माणूस धरतो तसा फार वरचा धरला. पहिली ओळ तो एकटा गायला. कुणी साथीला आलं नाही. आमच्याकडे एकेक स्वर श्वास संपेपर्यंत ओढायचा असतो. दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्याचा श्वास मध्येच तुटला. वाटलं, आता हा खाली बसणार.

तिसऱ्या ओळीला बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. त्या आवाजानं सूर धरून खाली ओढला, सगळ्यांना जमेल इतका खाली. टनेके पुस्तकात बघतही नव्हती. मग तिच्यामागून एकेक बाक गाऊ लागला. जिथलं कुणी बुडालं नाही असा बाक आमच्या देवळात नाही. सांगायला लाज कसली, अख्खं देऊळ रडलं. वाउटरही रडला, गालात पेपरमिंट धरून. शेवटच्या ओळीला क्रायन थांबला. ती ओळ टनेकेनं पार अंधारापर्यंत नेली आणि सोडली.

देऊळ सुटलं. क्रायन घराकडे निघाला, खाली मान घालून. मागं लाकडी बुटांचा आवाज आला, पण वळून बघायचा त्याला धीर होईना. दोन्ही दारांपाशी पोचल्यावर टनेके बोलली.

"बाबा, सूर केवढा वर धरलात!"

चार महिन्यांनी. "हो गं," क्रायन म्हणाला. "चुकलंच."

"योससुद्धा चिडायचा. म्हणायचा, बाबांमागं गायचं म्हणजे शिडी लावून गायला लागतं."

"असं म्हणायचा?" म्हातारा हसायला गेला आणि भररस्त्यात, रविवारच्या कपड्यांत, लेकरासारखा हुंदके देऊन रडू लागला. "मला कधी बोलला नाही तो."

"तुम्हाला कसा बोलेल? तुम्ही वडील ना मंडळीचे!" टनेकेनं त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि आपलं दार उघडून धरलं. "आत या. बसा. आणखीही बरंच काय काय म्हणायचा तो."