बारा एकोणपन्नास

"आधी टाइम, मग पाणी."

सायकल कडुनिंबाला टेकवायची, शर्टाच्या आत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढायचं आणि मी पुढे केलेला तांब्या बाजूला सारून हे बोलायचं. ओठ वाळलेले, पांढऱ्या दाढीत धूळ, पाय लटपटत असायचे. तरी हा क्रम चाचांनी कधी मोडला नाही.

आमची चहाची टपरी वेळापूरच्या अलीकडे, पंढरपूरच्या रस्त्याला आहे. थंडी सुरू झाली की सोलापूरची सायकलवाली मंडळी महिन्यातून एकदा इथवर येतात. सकाळी सहाला सोलापुरातून निघायचं, मोहोळ, पेनूर, पंढरपूर करत पावणेएकच्या आत माझ्या टपरीवर पोचायचं आणि संध्याकाळपर्यंत माघारी जायचं, असा त्यांचा नियम. पोचल्याची वेळ टपरीवाल्याने कार्डावर लिहून सही करायची. वेळ चुकली की फेरी बाद, आणि वेळेत पोचलं तरी बक्षीस काही नसतं. सुरुवातीला मला वाटायचं, ही शिकलेली माणसं एवढ्या उन्हात कशासाठी येतात? तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

चाचा त्या सगळ्यांत वयस्कर. राहायला शुक्रवार पेठेत. तीस वर्षं ट्रक चालवला आणि ट्रक सुटल्यावर सायकल धरली. बाकीच्यांच्या सायकली कागदासारख्या हलक्या. चाचांची जुनी होती, पण साखळीला कधी गंज दिसला नाही.

कार्डावर लिहायचं काम आधी माझे मालक करायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांसमोर पेन धरलं की बोटं थरथरतात. एकदा मालक दूध आणायला गेले होते आणि चाचा येऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "थोडं थांबा, ते येतील आता."

"त्यांचं काय काम हाय? तुमी लिवा की, अक्का."

"मला नीट येत न्हाई."

"वाकडं आलं तरी चालतंय. खरं आलं म्हणजे झालं."

मी लिहीपर्यंत ते हलले नाहीत. मागचे दोघं तरुण नुसती चुळबुळ करत होते. चाचा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "घाई आसंल तर रातीच निघायचं हुतं." मग कार्ड लांब धरून त्यांनी माझी सही पाहिली आणि सरकारी कागद असावा तसं ते जपून पिशवीत घातलं. पुढच्या खेपेला मालक समोर असतानाही त्यांनी कार्ड मलाच दिलं. मालक हसून म्हणाले, "घ्या, आमचं काम गेलं." तेव्हापासून सगळ्यांची कार्डं माझ्याकडे आली.

ते स्वतः घड्याळाकडे बघत नसत. "घड्याळ बघायचं काम तुमचं, पाय मारायचं माझं," म्हणायचे.

रस्ता सांगावा तर तो चाचांनीच. कुणी नवीन आलं की मोबाईलवरचा नकाशा बाजूला ठेवायला लावायचे. "पेनूरच्या फुडं डाव्या हाताला एक लाल कुत्रं हाय. भुंकतंय लई, पण थांबलं की शेपूट हलवतंय. त्याच्या फुडं चिंचेची सावली. तितं बसू नगा, उठू वाटत न्हाई." कुठल्या पुलावर वारा अंगावर येतो, कुठल्या वस्तीवर म्हातारी हाक मारून ताक देते, सगळं तोंडपाठ. मेंढरं आडवी आली की ते सायकलवरून खाली उतरत. शेवटचं मेंढरू जाईपर्यंत उभे राहत. घंटी वाजवत नसत. म्हणायचे, "ट्रक हुता तवा लई हॉर्न मारले. आता फिटलं."

मी माहेर आणि सासर सोडून फारसं काही पाहिलेलं नाही. एकदा मी त्यांना समुद्राचं विचारलं.

"माल घेऊन कोकणात कितींदा गेलो, अक्का. वास यायचा. लांब निळी रेघ दिसायची. पण माल उतरला की गाडी माघारी. पाय काय बुडवला न्हाई."

त्यांच्या मंडळींची समुद्रापर्यंतची एक मोठी फेरी थंडीच्या शेवटी असते. तिला जायचं तर आधी आमच्याकडची फेरी वेळेत पुरी करावी लागते. दोन वर्षं चाचांच्या गुडघ्याने दगा दिला होता. तिसऱ्या वर्षी ते हट्टालाच पेटले. "औंदा जायचंच. तितंबी तुमच्यासारखी एकादी अक्का टपरी चालवत आसंल. तिची सही आणून दाखवतो तुमाला. बघू कुणाचं अक्षर वाकडं हाय."

मला ते फार आवडलं होतं. समुद्रापेक्षा त्या बाईचं अक्षर बघावं, असंच मनात येत राहिलं.

त्या थंडीतली आमच्याकडची शेवटची फेरी होती. आधीच्या दोन्ही फेऱ्यांत चाचा अर्ध्यातून परत गेले होते. त्या दिवशी समोरून वारा होता. बाकीचे सगळे सही घेऊन निघून गेले. साडेबारा झाले, पावणेएक झाला. मी रस्त्याकडेच बघत राहिले. मग वळणावर ते दिसले. सायकल चालवताना खांदे पार खाली गेले होते.

कार्ड पुढे आलं. "आधी टाइम, मग पाणी."

घड्याळात बारा एकोणपन्नास झाले होते. मी बारा एकेचाळीस लिहिलं.

चाचांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "पोचलो की हो! मेंढरं आडवी आलती, मला वाटलं गेलं सगळं." घटाघटा पाणी प्यायले आणि लगेच निघाले. मालकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तासाभराने ते परत आले. ऊन डोक्यावर होतं. पंढरपूरच्या वाटेवरून माघारी वळून आले होते. सायकल टेकवली आणि माझ्यासमोर बाकड्यावर बसले.

"अक्का, घड्याळात किती वाजले हुते?"

मी तांब्या विसळायला घेतला.

"तुमाला चार आकडे काढायला तांब्या भरून हुईल एवढा येळ लागतो. आज फट्‌दिशी लिवलं. आन मेंढरापाशी मी किती उभा हुतो ते मला ठाव हाय."

"एकोणपन्नास," मी म्हटलं.

"मग तेवढं लिवा."

मालक मधे पडले. "सोडा की चाचा. चार मिनटासाठी काय कोण फाशी देतंय?"

"कोण देत न्हाई, म्हणून तर लिवायचं."

मला रडू आलं. "कुणाला कळणार हाय, चाचा? तुमचा समुद्र ऱ्हाईल."

"मला कळलं की."

ते रागावले नव्हते, हे मी अजून विसरले नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी आधीचे आकडे खोडले, बाजूला बारा एकोणपन्नास लिहिलं आणि पुन्हा सही केली. एकेक आकडा काढायला फार वेळ लागला. ते पहिल्या दिवसासारखेच थांबले. मग कार्ड पिशवीत घालून म्हणाले, "आता पाणी द्या."

आमच्याकडेच भाकरी-पिठलं खाल्लं, कडुनिंबाखाली जरा पडले. निघताना म्हणाले, "आज पहिल्यांदा निवांत जातो बघा. फुडच्या थंडीत बघू समुद्राचं."

उन्हाळ्यातच ते गेले. आम्हाला कळलं ते थेट पुढच्या थंडीत.

ती पहिली फेरी होती. मंडळींच्या कामाचं बघणाऱ्या मॅडम सायकलवरून उतरल्या आणि त्यांनी मला चाचांची पिशवी दाखवली. चाचांनी सोलापुरात पोचल्यावर कार्ड त्यांच्या हाती दिलं होतं, ते पिशवीसकट. खाली परतीच्या वाटेवरच्या सह्यांचे दोन चौकोन कोरे होते.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, या वेळी हे कार्ड आम्ही समुद्रावर नेणार आहोत. तिथे चाचांच्या नावाने एक सही घेऊ आणि फ्रेम करून त्यांच्या घरी देऊ."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने डोळे पुसले. त्यांच्या मनात चांगलंच होतं. मी चार माणसांत बोलत नाही, तरी बोलले.

"नको."

"का हो ताई?"

"तितं पोचले न्हाईत ते."

मॅडमनी कार्ड हातात घेतलं, खोडलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि ते पिशवीत घालून माझ्याकडे दिलं.

ते माझ्या पेनाच्या डब्यात आहे. कधी काढून बघते. खोडलेली वेळ, तिच्या शेजारी खरी वेळ, माझी वाकडी सही आणि खाली दोन कोरे चौकोन. समुद्राकाठच्या त्या बाईचं अक्षर कसं असेल, मला माहीत नाही.