कडूबा दलालाचा रानाशी सौदा

लासूर स्टेशनच्या बैलबाजारात दलाल ढिगानं होते, पण थोरल्या रानाशी सौदा करणारा दलाल एकच, कडूबा. रान बाजारापासून कोसभर. ते कधीपासून उभं आहे, कुणाच्या पणज्यालाही ठाऊक नव्हतं. पल्याडच्या मुलखात माल न्यायचा तर वाट त्याच्यातूनच, आणि वाटेचा मोबदला म्हणून रान माणसाच्या आयुष्यातली वर्षं कापून घ्यायचं. किती घ्यायची, ते आधी ठरवावं लागे.

रानाच्या तोंडाशी एक वड होता. त्याच्या पारंबीवर कडूबा उपरणं टाकी, खाली हात घाली, आणि बैलांचा करतात तसा बोटं दाबून भाव चाले; एक बोट म्हणजे एक वर्ष. पारंबी चार बोटं दाबी, कडूबा एक. चेहऱ्यावर मात्र काही दिसू द्यायचा नाही. म्हणतात, स्वतःच्या लग्नातही तो तसल्याच चेहऱ्यानं उभा होता. गुलमंडीचे बद्रीनाथ शेठ कापडाचे गठ्ठे घेऊन दरसाल एका बोटात पार व्हायचे आणि आल्यावर फक्त चष्मा बदलायचे.

पोलीस ॲक्शन होऊन राज्य बदललं, तसा नव्या सरकारचा मोजणीचा साहेब आला. असला अडाणीपणा आता चालायचा नाही म्हणाला आणि सौदा न करताच साखळी घेऊन आत घुसला. घ्या! सकाळी पंचविशीतला गेलेला गडी संध्याकाळी पेन्शनीला लायक होऊन बाहेर आला. कचेरीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पेन्शन चालू केली. तरी तो नशीबवान म्हणायचा. बिनसौद्याचे बाकीचे कुणी परत आलेच नव्हते.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी कडूबाची बायको चतुराबाई चुकार शेळीमागं धावत रानात शिरली. शेळी तासाभरात परत आली. चतुराबाई आली नाय.

निरोप मिळाला तसा कडूबा बाजारातून अनवाणीच पळत सुटला. आत अडकलेल्याचा सौदा आजवर कुणी केला नव्हता, कारण त्यात वर्षं आपली द्यावी लागतात, आणि आपली कोण देतो? त्याच्यामागं अर्धा बाजार निघाला. घरच्या माणसाचा भाव कडूबा कसा पाडतो, ते सगळ्यांना बघायचं होतं. बद्रीनाथ शेठनी कानात सांगितलं, अर्ध्या बोटापासून सुरू कर.

कडूबानं उपरणं टाकलं. आणि काय सांगू, वीस वर्षं ज्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती तो माणूस सगळ्यांदेखत हमसून रडायला लागला. त्यानं दोन्ही हात खाली घातले. दहा. लगेच पुन्हा दहा. रान बिचारं गडबडून गेलं. असलं गिऱ्हाईक त्यानंही पाहिलं नव्हतं. पारंबी सुटायला बघत होती, पण कडूबा सोडीना.

बद्रीनाथ शेठनी कपाळाला हात लावला आणि ते माघारी फिरले. असल्या दलालाच्या हातात आपली वर्षं कोण देईल? त्यांचं चूक नव्हतं. त्यानंतर कडूबाकडं एकही गिऱ्हाईक आलं नाही.

चतुराबाई पदराचे काटे काढत बाहेर आली. समोर मिशी पांढरी झालेला, कमरेत वाकलेला नवरा तिनं बघितला. मग जी खवळली! वीस वर्षं दिली म्हणता, कुणाला इचारून दिली, म्हणत तिनं त्याला फैलावर घेतलं. शेवटी त्याच्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवत म्हणाली,

"अवो, पण रान मागत किती होतं?"

कडूबानं डोळे पुसले.

"ते इचारलंच नाय."