गोणपाटाचं कारगिल

शहादेवला गावात सगळे मेजर म्हणत. फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस, मग तो तिथं कांदे चिरत असो नाहीतर तोफ डागत असो, आमच्याकडं मेजरच. शहादेव तर खेचरांच्या कंपनीतला. धनगराच्या घरात जन्म, जनावराची जात ओळखणारा, म्हणून साहेबांनी हातात खेचराची दोरी दिली ती सतरा वर्षं सुटली नाही. सुरुवातीला तो सांगायचा, "आरं, मी मेजर न्हाई, खेचरवाला हाय." लोक हसायचे अन् म्हणायचे, मेजर लई साधा माणूस. मग त्यानं सांगणंच सोडून दिलं.

चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून त्याचं गाव. यंदा गणपतीत नवतरुण मंडळानं जिवंत देखावा करायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष अंगद. धंदा प्लॉटिंगचा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलताना दोन्ही हात हवेत. तो एक दिवस चार पोरं घेऊन शहादेवच्या अंगणात आला.

"मेजर, आपल्या नाथाचा देखावा करायचाय. कारगिल! तुमी मार्गदर्शन करा."

नाथा म्हणजे दगडाबाईचा एकुलता एक पोरगा. पंचवीस-सव्वीस वर्षांखाली त्या लढाईत गेला. एवढ्या मोठ्या फौजेत एकाच गावचे दोघं डोंगरातल्या एकाच नाल्यात असावेत, हा नशिबाचा खेळ. नाथा पायदळात होता, शहादेव वर दारूगोळा पोचवत होता. नाथाला खाली आणलं ते शहादेवच्याच खेचरानं.

शहादेवनं पोरांना बसवलं अन् सांगितलं, "नाथा पाणी आणाय गेलता. टोळीतल्या सात जणांचे कॅन गळ्यात अडकवून. झऱ्यावर वाकला अन् वरून गोळा पडला. काही बोलला न्हाई, काही न्हाई. दोन कॅन भरलेले व्हते, ते तसेच राह्यले."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अंगदनं घसा साफ केला.

"ते बरोबर हाय, मेजर. पण पाणी भरताना मेला म्हणून दाखवलं तर टाळी कोण वाजवील? तसं तर आपल्या गावात सगळेच पाणी भरतेत."

"मग कावून आलाव माझ्याकडं?"

"नाव टाकायचंय ना बोर्डावर, मार्गदर्शक म्हणून."

शहादेवनं तोंडातली सुपारी थुंकली अन् उठून गोठ्यात गेला. बोर्डावर नाव लागलं ते लागलंच, तेही मेजर शहादेव म्हणून.

देखावा उभा राहिला मारुतीच्या पारासमोर. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट ताणून डोंगर केला. बर्फाला काय घ्यावं? आमच्या बीड जिल्ह्यात दुसरं काय मिळणार, मागच्या साली भाव नाही म्हणून ठेवलेला कापूस आणून लावला. नळाच्या पाइपाच्या बंदुका, सुतळी बॉम्बचा तोफखाना. संवाद सगळे आधीच रेकॉर्ड केलेले. पोरांनी नुसते हात वर करायचे अन् तोंड हलवायचं. सहा ते नऊ, रोज चार खेळ.

पहिल्या दिवशी शहादेव गेला. सत्यभामा, त्याची बायको, म्हणाली, "जाऊ नका, मग घरी येऊन माझ्यावर चिडताल." तरी गेला. अन् बघतो तर काय, दुश्मन म्हणून काळे कपडे घातलेली सहा पोरं डोंगराच्या मागं गुटखा खात उभी. इकडून आमचे जवान, बूट असे चकचकीत की लग्नाला निघालेत. एकाच्याही पायाला फोड नाही, एकालाही खोकला नाही, कुणी उकिडवं बसून तंबाखू मळत नाही. लढाईत सगळ्यात जास्त काय केलं असं शहादेवला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, वाट बघितली. पण वाट बघण्याचा देखावा करून स्पर्धेचा कप मिळत नाही.

नाथा झाला होता पप्पू. हायवेला पंक्चर काढतो, चांगला पोरगा. पाठीवर झेंडा बांधून तो गोणपाटावर चढला. छातीत तीन गोळ्या लागल्या. तरी चढला. चौथी लागली. मग स्पीकरमधून कुणा शहरी माणसाच्या भरदार आवाजात नाथा पाच मिनिटं भाषण करत राहिला: हे माते, हे धरणी, तुझ्या दुधाचं ऋण. शहादेवला हसू आलं. नाथा बिचारा, कंपनीत कुणी नाव विचारलं तरी मान खाली घालायचा.

अन् समोर पहिल्या रांगेत लाल सोफ्यावर दगडाबाई! अडुसष्ट वर्षांची म्हातारी, अंगावर मंडळानं दिलेली शाल, बाजूला अंगद, समोर फोटोवाला. पोरगा मरतोय अन् माय फोटोत. शहादेवचं डोकंच फिरलं. सुतळी बॉम्ब फुटायला लागले तसा तो उठला अन् घरी आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. म्हातारी एकटी अंधारात चालायची म्हणून शहादेव तिला पारापर्यंत सोडायचा, थोडं थांबायचा, बॉम्ब सुरू झाले की पाय काढायचा. परत घरी तिला मंडळाची पोरं पोचवत. मनातल्या मनात तो दगडाबाईवरही चिडला होता. नाथा गेला तेव्हा हिनं सहा महिने चूल नीट पेटवली नव्हती. सरकारी माणसं हार घेऊन आली तेव्हा आतून कडी लावून बसली होती. अन् आता? रोज चारी खेळ संपेपर्यंत सोफा सोडत नाही. शालीची चटक लागली म्हातारीला, असं तो सत्यभामेला म्हणाला. सत्यभामा म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड?"

नवव्या दिवशी त्यानं वाटेतच दगडाबाईला अडवलं.

"काकू, आज जाऊ नगंस. तमाशा हाय सगळा. नाथाला असं गोळ्या घालून घालून मारतेत अन् तू बघत बसतीस?"

"मला कळतंय की, तमाशा हाय ते. तूच सांगितलं व्हतं मला, पाण्याला गेलता म्हणून."

"मग कावून जातीस?"

दगडाबाई काठीवर रेलली. "तू शेवट बघितलाच न्हाई, शहादेव. बॉम्ब फुटले की पळतूस."

"काय हाय शेवटाला?"

"पोरगं मरतंय. मग पडदा पडतोय. मग लाइट लावतेत, अन् पप्पू उठतंय. उठतंय, ढोपरं झाडतंय अन् खाली येऊन मला म्हणतंय, मावशी, जमलं का? मी त्याला लाडू देती. खातंय. मग पुन्हा वर जातंय. रोज चार येळा उठतंय, शहादेव. माझ्या डोळ्यापुढं."

पदराच्या गाठीत शेंगदाण्याचे चार लाडू होते. शहादेवनं वाट सोडली. गुपचूप तिच्या मागं चालत गेला अन् त्या दिवशी चारी खेळ शेवटपर्यंत बघितले.

दहाव्या दिवशी परीक्षक येणार होते. कुणा पुढाऱ्याच्या नावाचा कप, तालुक्यातली अकरा मंडळं स्पर्धेत. अंगदच्या अंगात वारं शिरलं होतं. दुपारीच त्यानं पोरांना गोळा केलं.

"ऐका. पालीकडच्या एका मंडळानं बी लढाईच केलीय, पण त्यांच्याकडं आई नकली हाय. आपल्याकडं असली हाय! आज पप्पू मेला की उठायचं न्हाई. पडदा बी न्हाई. पेटीत ठेवायचा, वरून तिरंगी कापड, अन् दगडाबाई फुलं वाहील. परीक्षक रडले पायजेत."

"काकूला इचारलं का?" शहादेव पाराच्या कडेला बसला होता, त्यानं विचारलं.

"त्यात इचारायचं काय, मेजर? मानच हाय की त्यांचा!"

शहादेव उठला. "आरं, तिला शेवटाला पप्पू उठलेला बघायचा असतोय."

अंगद हसला. "मेजर, मेलेला माणूस उठत असतोय व्हय? तुमीच म्हणत व्हता ना, खरं दाखवा म्हणून. घ्या, दाखवतो खरं."

शहादेव दगडाबाईच्या घरी गेला, सगळं सांगितलं, येऊ नकोस म्हणाला. म्हातारीनं ऐकून घेतलं अन् लाडू पदरात बांधले. "पोरगं उपाशी असंल," एवढंच म्हणाली.

परीक्षक आले, सत्कार झाले. पप्पू चढला, पडला, भाषण झालं, बॉम्ब फुटले. चौघांनी त्याला उचलून फळ्यांच्या पेटीत ठेवलं, कापड टाकलं. स्पीकरवर बिगुल. अंगदनं दगडाबाईला हाताला धरून वर नेलं अन् ताटलीतली झेंडूची फुलं तिच्या पुढं केली.

तिनं फुलं घेतली नाहीत. पेटीशी वाकली.

"ऊठ, बाबा. झालं."

लोकांना वाटलं, हेही देखाव्यातलंच. काय टाळ्या पडल्या! एक परीक्षक चष्मा पुसायला लागला. अंगदनं पडद्याआडच्या पोराला खूण केली, बिगुल वाढव.

"ऊठ की रं. कावून उठंना आज?" दगडाबाईचा आवाज चिरला. तिनं कापडावर हात फिरवला, मग पेटीची कड धरून ती हलवायला लागली. "नाथा, ऊठ की!"

टाळ्या थांबेनात. कुणी शिट्टीसुद्धा मारली. गावाच्या डोळ्यादेखत म्हातारीचं पोर दुसऱ्यांदा मेलं होतं, अन् अख्खं गाव टाळ्या पिटत होतं.

शहादेव कधी चढला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गोणपाटावरून पाय घसरला, कापसाचा बर्फ सगळा खाली आला. त्यानं पेटीवरचं कापड काढून नीट घडी करून काखेत धरलं.

"ऊठ बे."

पप्पू डोळे मिटूनच कुजबुजला, "मेजर, परीक्षक हायत. अंगदभाऊ मारतेल."

"उठतूस का पेटीसकट फेकू?"

पप्पू उठून बसला. लोक खो खो हसायला लागले. बिगुल वाजतच होता. पप्पूनं दगडाबाईकडं बघितलं अन् त्याचं तोंड उतरलं. पेटीतून उतरून त्यानं ढोपरं झाडली.

"जमलं का, मावशी?"

दगडाबाईनं पदराची गाठ सोडली. लाडू फुटून अर्धा खाली सांडला. उरलेला तिनं त्याच्या तोंडात घातला. "खा. किती येळ झोपलास," ती म्हणाली. पप्पू तोंडात लाडू धरून हुंदके द्यायला लागला.

"मेजर, कपाचं वाटोळं केलंत तुमी!" अंगद ओरडला. "सैनिक असून सैनिकाचा अपमान? लाज वाटाय पायजे!"

शहादेवनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी खेचरवाला हाय. वर गेलेलं खाली आणायचं, एवढंच माझं काम. पह्यल्या खेपेला जित्तं आणता आलं न्हाई."

दगडाबाईला हाताला धरून तो घराकडं निघाला. कप पालीकडच्या त्या मंडळाला गेला, नकली आईला.

विसर्जनानंतर आठ दिवसांत मंडळाची बैठक झाली. पुढच्या साली बी लढाईच करायची, यावर सगळ्यांचं एकमत. फक्त अंगदनं एक दुरुस्ती सुचवली अन् ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली: लढाई लई जुनी घ्यायची, जिच्यात मेलेल्या कुणाचीच माय आता जिती नसंल.