करून दाखवा

बेल्ह्यातला मेडिकलवाला मोबाइलशी बोलतो आणि पडद्यावरची चित्रातली बाई तेच हातवाऱ्यांनी सांगते. माझ्या बायकोला ऐकू येत नाही, म्हणून तो पडदा शर्टाला पुसून एकेक शब्द सावकाश बोलतो. परवा बायकोने समजलं म्हणून मान हलवली, तरी त्याने गोळ्या हातातून सोडल्या नाहीत.

"वहिनी, करून दाखवा," तो मोबाइलला म्हणाला.

तिने दोन गोळ्या एकदम तोंडात टाकायची खूण केली. घ्यायची होती सकाळी एक, संध्याकाळी एक. त्याने मोबाइल ठेवला आणि हातांनी सूर्य उगवून, मावळून दाखवला. मग तिने बरोबर करून दाखवलं.

त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"आणे गावच्या एका मावशींनाबी ऐकू येत नाय, भाऊ. सकाळी त्यांनी नुसती मान हलवली, अन् मी जाऊ दिलं."

त्याने शटर ओढलं आणि मोटरसायकल आण्याच्या रस्त्याला घातली.