भावोजींनी न पाहिलेला खांब

कुणाच्याही घरी गेले की भावोजी चपला काढायच्या आधी भिंतीला हात लावतात. लहान मुलाचा ताप बघावा तसा, तळवा पूर्ण टेकवून. ताईला बघायला ते आमच्या कोथरूडच्या घरी आले, तेव्हाही दारातच त्यांनी कॉलमवर हात ठेवला. बाबा बिल्डरशी भांडून नुकतेच कुठे शांत झाले होते. त्यांनी घाबरून विचारलं, "काय हो, काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही, नाही. हलेल व्यवस्थित."

"हलेल?"

"भूकंपात. हलायलाच पाहिजे. जे हलत नाही ते मोडतं."

आई पोह्यांच्या बश्या घेऊन येत होती, ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. ताईने मात्र तेव्हाच ठरवलं असावं, कारण ती खाली बघून हसत होती.

लग्नानंतर ताई-भावोजी न्यूझीलंडला गेले. पुढे मी ऑकलंडला शिकायला आले आणि टाकानिनी उपनगरात त्यांच्याकडेच राहू लागले. भावोजी ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनियर होते. जुन्या इमारती भूकंपात टिकतील का, हे तपासणं त्यांचं काम. मी मुळात कमी बोलते, आणि भावोजी बोलले तर फक्त इमारतींबद्दल. त्यामुळे पहिलं वर्षभर आमचं संभाषण "डेअरीतून दूध आणू का?" आणि "आण की" एवढंच होतं. तरी ते मला केतकीबाई म्हणायचे, जणू मी एखाद्या बँकेची मॅनेजर आहे.

सहा वर्षांची ओवी आणि तीन वर्षांचा कबीर या आपल्या मुलांनाही ते इमारतींसारखंच वागवायचे. कबीर सुपरमार्केटच्या फरशीवर लोळण घ्यायचा, लोक वळून बघायचे, ताईचा चेहरा लाल व्हायचा. भावोजी शेजारी ट्रॉली धरून शांत उभे. "हलू दे त्याला. आतली सगळी एनर्जी बाहेर आली की थांबेल." आणि तो थांबायचा. मग बापलेक बिस्किटं घ्यायला जायचे.

एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी पाच वाट्या एकावर एक उपड्या रचल्या आणि टेबल गदागदा हलवलं. वाट्या सरकल्या, डुलल्या, पण पडल्या नाहीत.

"हा जपानी पॅगोडा. मजले एकमेकांवर नुसते ठेवलेले. आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक लाकडी खांब. पण तो एकाही मजल्याला धरून नसतो."

"मग तो करतो काय?" मी विचारलं. माझा त्यांना बहुधा पहिलाच खरा प्रश्न.

"त्यावरच तर लोक भांडतायत," ते आनंदाने म्हणाले. "कॉलेजपासून मी त्याची ड्रॉइंग्ज बघतोय. एकदा समोर उभं राहून बघायचाय."

एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत योग आला. ताईच्या कंपनीची ओसाकाला मीटिंग होती. ती दिवसभर तिकडे आणि आम्ही चौघं क्योतोमध्ये, असं ठरलं. मुलांना सांभाळायला दोन जास्तीचे हात म्हणून मी. तिथल्या एका पाच मजली पॅगोड्याचा तळमजला वसंतात थोडेच दिवस उघडतात, आणि आमचे तीन दिवस नेमके त्यातले शेवटचे होते.

लहान मुलांबरोबर ऐतिहासिक शहर बघायचं म्हणजे शहर गुडघ्यांच्या उंचीवरून दिसतं. देवळांच्या आवारात सगळीकडे बारीक खडी, त्यात प्रॅमची चाकं रुतायची. भावोजी प्रॅम पालखीसारखी पुढून उचलायचे, मी मागून. कबीर न्यूझीलंडच्या सवयीप्रमाणे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून अनवाणी पळायचा. ओवीला देवळांपेक्षा व्हेंडिंग मशिनं आवडली. पहिल्या दिवशी तिच्या नव्या बुटांनी टाच सोलली, म्हणून परतलो. दुसऱ्या दिवशी कबीर तळ्यातल्या माशांपाशी बसला आणि उठेचना.

"भावोजी, पॅगोडा राहील हं," मी म्हटलं.

"राहीलच. शेकडो वर्षं राहिलाय," ते म्हणाले आणि त्याच्याशेजारी मांडी घालून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच कबीरने हॉटेलात उलटी केली. दुपारपर्यंत बरा वाटला म्हणून निघालो, तर बसमधून उतरताच पुन्हा. पॅगोड्यापाशी पोचलो तेव्हा तो भावोजींच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. तळमजल्याचं दार उघडं होतं. आत अंधार, आणि अंधारात काहीतरी सोनेरी.

"मी घेते त्याला. तुम्ही जाऊन या," मी म्हटलं.

त्यांनी दिला. कबीरने डोळे उघडले, मी आहे असं पाहिलं आणि असा टाहो फोडला की रांगेतले आजीआजोबा वळून बघू लागले. रडता रडता त्याला उबळ आली. भावोजींनी तो परत घेतला. थोड्या वेळाने आम्ही पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांच्या खांद्यावर मात्र तो लगेच झोपला.

"झोपलेला तसाच घेऊन जा ना आत."

"आणि आत ओकला तर?" ते म्हणाले. "त्या लाकडावर? नको."

ते दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी एकदम कामाचा सूर लावला. "केतकीबाई, तुम्ही दोघी जा. नीट बघ. खांब खाली कसा टेकलाय? दगडावर ठेवलाय की दगडात घुसवलाय? भोवतीच्या फळ्यांना चिकटलाय की फट आहे? फोटो काढू देत नाहीत, तेव्हा तुझे डोळेच."

आत चार बाजूंना चार मूर्ती बसल्या होत्या, सगळ्यांच्या पाठी मधल्या खांबाकडे. खांब जुना, काळसर, रंग उडालेला. त्याचा पायथा दिसत नव्हता. मी दुकानात हवा तो साइज सापडला नाही तर विचारण्याऐवजी घरी परत येणारी. पण बाहेर ते खडीवर मुलाला घेऊन उभे होते. स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या राखणदाराकडे मी गेले, खांबाकडे बोट दाखवलं, मग खाली. त्याला कळेना. मी गुडघ्यांवर बसून फरशीकडे वाकले. ओवीही बसली. तो हसला, उठला आणि त्याने टॉर्च नेमका तिथे धरला. मी बघून घेतलं, आणि मग विसरू नये म्हणून पुन्हा एकदा.

बाहेर आल्यावर आधी ओवीने अहवाल दिला. "बाबा, इट्स जस्ट अ पोल."

"बरं. आणि मावशी काय म्हणते?"

मला इमारतींचे शब्द येत नव्हते, ना मराठीत ना इंग्रजीत. जे शब्द होते त्यांतच मी सांगितलं. खांब दगडावर नुसता ठेवलाय, पाटावर तांब्या ठेवावा तसा. भोवतीच्या फळ्या त्याला शिवत नाहीत, बोट जाईल एवढी फट आहे. मूर्ती त्याच्याकडे पाठ करून बसल्यात, थंडीत शेकोटीकडे पाठ करून बसावं तशा.

"सगळीकडून सारखी फट?"

"दाराकडच्या बाजूला थोडी कमी."

"म्हणजे कललाय," ते हळूच म्हणाले. "वर?"

"वर छत आहे. दिसत नाही."

ते डोळे मिटून ऐकत होते. मी आणखी काय काय सांगत गेले, एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. मग कबीर जागा झाला आणि त्यांच्या शर्टावर ओकला. नळाशी त्याला धुऊन आम्ही वळलो, तेव्हा राखणदार दार ओढून घेत होता. भावोजींनी त्या बंद दाराकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. "चला, ताई वाट बघत असेल," एवढंच म्हणाले.

रात्री ताई म्हणाली, "म्हणजे शेवटी बघितलाच नाहीस तू?"

"बघितला अर्धा. उरलेला हिच्याकडे आहे."

त्या हिवाळ्यात त्यांना दूर टौरंगा शहराच्या बंदरावर काम मिळालं आणि घर हललं. मी माउंट वेलिंग्टनला एक खोली घेतली. भावोजी आता दर रविवारी फोन करतात. "कशी आहेस" वगैरे ताईचं खातं. त्यांचा एकच प्रश्न असतो. "खांब गोल होता की कोपऱ्यांचा?" "भेगा उभ्या की आडव्या?" मी खिडकीशी बसून आठवते आणि सांगते. आठवत नसेल तर तसंही सांगते. पुन्हा जपानला जाऊ या, असं ताई म्हणते. "जाऊ की," ते म्हणतात, "आधी हिच्याकडचं संपू दे."

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "आत वास कसला होता?"

मी म्हटलं, "धुपाचा, थोडा. आणि खूप दिवसांनी उघडलेल्या ट्रंकेचा."

पलीकडून ओवीने फोन ओढून घेतला. "नो, मावशी. इट स्मेल्ड लाइक द स्कूल बस. व्हेन एव्हरीवन्स वेट."

मला वाटलं, भावोजी हसतील. ते हसले नाहीत. त्यांचा आवाज थोडा लांबून ऐकू आला, "थांब हं, ओवी. नुकती भिजलेली बस, की वाळत आलेली?"

ओवी विचार करू लागली. मीही.